बटण कोणाच्या हाती?

जळगावातल्या पिंप्राळ्याचा चौक असो की धुळ्याचा पाचकंदील, नाकाबंदीत दुचाकी अडवली जाते, कागदपत्रं मागितली जातात, आवाज चढतो आणि कुणाचा तरी हात कुणाच्या तरी कॉलरला जातो. तिथून एकाच प्रसंगाच्या दोन हकिकती होतात. पोलिसाची हकिकत फिर्याद बनते: हुज्जत घातली, शासकीय कामात अडथळा आणला; पूर्वीचं कलम 353, आता भारतीय न्याय संहितेचं 132. तरुणाची हकिकत गल्लीत फिरते, कागदावर क्वचितच येते. दोन्ही बाजूंनी खोटं बोलायला वाव आहे आणि खरं बोलणाऱ्याकडे ते पटवून द्यायला काही नाही. म्हणून पोलिसांच्या अंगावर कॅमेरा असावा, असं मला ठामपणे वाटतं. पण तो कधी चालू करायचा आणि त्यातलं चित्रण कुणी सांभाळायचं, हे ठरवल्याशिवाय नुसती खरेदी केली तर त्याचा उपयोग होणार नाही.

खानदेशाला हे नव्याने शिकवायची गरज नाही. 6 जानेवारी 2013 रोजी धुळ्यात हॉटेलच्या बिलावरून सुरू झालेला वाद दंगलीपर्यंत गेला आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जण मरण पावले. नंतर मोबाइलवर टिपलेल्या चित्रफिती बाहेर आल्या. त्यांत काही पोलीसच तोडफोड करताना दिसत होते, आणि काही पोलिसांना अटक करावी लागली. त्या चित्रफिती नसत्या तर तक्रारदारांचं कुणी ऐकलं असतं, असं मानणं कठीण आहे. मात्र मोबाइलच्या चित्रणाची एक मोठी मर्यादा आहे. गच्चीवरचा माणूस भांडण पेटल्यावर मोबाइल काढतो. जमावाला इशारा दिला होता का, आधी अश्रुधूर सोडला का, दगड किती जवळून येत होते, हे सगळं त्याआधी घडून गेलेलं असतं. पोलिसाच्या छातीवरचा कॅमेरा पहिल्या शब्दापासून सोबत असतो. ज्या पोलिसाने संयम राखला, त्याच्या बाजूचा पुरावाही त्यातच असतो.

जगातला अनुभव मात्र सरळ नाही. कॅलिफोर्नियातल्या रिआल्टो या छोट्या शहरात 2012-13मध्ये कॅमेरे लावल्यावर पोलिसांविरुद्धच्या तक्रारी जवळपास नव्वद टक्क्यांनी घटल्या, बळाचा वापर निम्म्याच्या आसपास आला. या आकड्यांवर अनेक शहरांनी खरेदी केली. मग 2017मध्ये वॉशिंग्टनमधल्या दोन हजारांहून अधिक पोलिसांवरच्या प्रयोगाचा निष्कर्ष आला: लक्षणीय फरक नाही. या विसंगतीचा उलगडा बराक एरियल आणि सहकाऱ्यांच्या 2016च्या अभ्यासातून होतो. जिथे पोलिसांनी नियमाप्रमाणे कॅमेरा सुरुवातीपासून चालू ठेवला, तिथे बळाचा वापर 37 टक्क्यांनी कमी झाला. जिथे चालू-बंद करणं त्यांनी मर्जीवर नेलं, तिथे तो 71 टक्क्यांनी वाढला. माझ्या मते सगळा वाद या दोन आकड्यांत आहे. अमेरिकेत पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूच्या वेळीही पोलिसांच्या अंगावर कॅमेरे होतेच. जगाला सत्य कळलं ते रस्त्यावरच्या एका मुलीच्या मोबाइलमुळे, कारण पोलिसांचं चित्रण पोलिसांच्याच ताब्यात होतं.

आपल्याकडे कायदा अर्ध्या वाटेवर आला आहे. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105नुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवावं लागतं. पंच फितूर झाला म्हणून खटला कोसळणं आपल्या न्यायालयांत रोजचं आहे. तिथे हे चित्रण पोलिसांना भक्कम आधार देईल. पण नाकाबंदी, अटक, मिरवणुकीचा बंदोबस्त या कलमात येत नाहीत, आणि कटकटी नेमक्या तिथेच होतात. पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. रथाला आवर घालायला मोगरी लावणारे चाकाशी वाकलेले असतात, मागून भाविकांचा रेटा येतो आणि बंदोबस्तावरच्या पोलिसाला क्षणात निर्णय घ्यावा लागतो. त्या निर्णयाचा उद्या हिशेब द्यायचा झाला, तर त्याच्याकडे स्वतःच्या शब्दाखेरीज काय असतं?

सगळ्यात गंभीर आक्षेप खासगीपणाचा आहे, आणि जळगावकरांनी तो हलक्यात घेऊ नये. 1994मध्ये उघडकीला आलेल्या जळगावच्या वासनाकांडात चित्रणाचा धाक दाखवूनच मुलींना गप्प बसवलं गेलं होतं. तक्रार द्यायला आलेल्या बाईचा चेहरा, घरात रडणारी मुलं, खबऱ्याशी झालेलं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं, तर लोक ठाण्याची पायरीच चढणार नाहीत. म्हणून पीडितेशी बोलताना तिच्या सांगण्यावरून कॅमेरा बंद व्हावा, तसं चित्रणातच नोंदलं जावं आणि कुणी कधी काय पाहिलं याची आपोआप नोंद राहावी. खर्चाचा आक्षेप मला तेवढा पटत नाही. कॅमेऱ्यापेक्षा साठवणूक महाग पडते हे खरं, पण प्रत्येक शिपायाला कॅमेरा हवाच असं नाही. नाकाबंदी, अटक आणि बंदोबस्त एवढ्यापासून सुरुवात करता येते. पोलिसांचं मनोधैर्य खचेल, असंही म्हणतात. बारा-बारा तास उभं राहून शिव्या खाणाऱ्या शिपायाला या कॅमेऱ्याने उलट संरक्षणच मिळेल.

खरी कसोटी चित्रण 'उपलब्ध नाही' असं उत्तर येतं तेव्हाची. सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही बसवण्याचा आणि चित्रण 18 महिने, किमान वर्षभर, जपण्याचा आदेश दिला. तरीही 2025मध्ये बंद कॅमेऱ्यांची न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. म्हणून अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण ठाण्याबाहेर, पोलीस अधीक्षकांच्या साखळीत नसलेल्या यंत्रणेकडे जावं, आणि ज्याच्यावर गुन्हा नोंदवला त्याला मागितल्यावर प्रत मिळावी. हातात असलेला पुरावा जो पुढे आणत नाही, त्याला तो प्रतिकूल आहे असं न्यायालय मानू शकतं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 119मध्ये ही तरतूद आजही आहे. कॅमेरा अंगावर असूनही चित्रण नसेल, तर 'अडथळा आणला' ही फिर्याद त्या पोलिसाच्या एकट्या शब्दावर टिकू नये, एवढी एक ओळ सरकारने नियमात घातली तर बटण बंद ठेवण्यात कुणाचाच फायदा उरणार नाही.