पाककृतीच्या पलीकडचं पान

लोखंडी नांगरांसाठी नाव काढलेल्या किर्लोस्करवाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याच्या त्या पत्रकाचं पुढे भरदार मासिक झालं आणि १९३० मध्ये त्याच्या जोडीला ‘स्त्री’ आलं. त्या सुरुवातीच्या काळावर पुष्कळ लिहून झालं आहे. माझं मन अडकतं ते पुढच्या एका टप्प्यात, १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षापासून १९८६ पर्यंत.

तेव्हा ‘स्त्री’ पुण्यातून निघत होतं. दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की वाचनालयातून आणलेला अंक हातात यायचा. त्यात स्वेटरची वीण असायची, दोन सुलट, दोन उलट. लोणच्याचं प्रमाण असायचं, कथा असायची आणि त्यांच्याच शेजारी हुंड्यावरचा किंवा घटस्फोटावरचा लेख. ही सरमिसळ काहींना खटकायची. मला मात्र तीच या मासिकाची खरी ताकद वाटते. लोणच्यासाठी घरात आलेला अंक सासूबाईही चाळायच्या आणि तो लेखही त्यांच्या नजरेखालून जायचा. निव्वळ चळवळीच्या पत्रिकेला अशा घरांत उंबऱ्याच्या आत कोण येऊ देणार होतं?

विद्या बाळ १९६४ मध्ये इथे काम करू लागल्या आणि १९८३ मध्ये संपादक झाल्या. त्या काही आधीपासूनच बंडखोर नव्हत्या. १९७४ मध्ये त्यांनी जनसंघातर्फे पुणे महापालिकेची निवडणूक लढवली होती. त्यांची वाचक ज्या घरात राहत होती, तसल्याच घरातून त्याही आल्या होत्या. म्हणूनच त्यांचं बदलणं वाचकांना आपलं वाटलं असावं.

बदलायला कारणंही तशीच होती. मथुरा या मुलीवरच्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन पोलिसांना निर्दोष सोडलं. १९८० मध्ये त्याविरुद्ध देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. पुण्यात मंजुश्री या विवाहितेच्या मृत्यूने शहर हादरलं होतं. त्या अस्वस्थतेतून १९८२ मध्ये नारी समता मंच उभा राहिला, विद्याताई त्यात आघाडीवर होत्या. मंचाच्या ‘मी एक मंजुश्री’ या प्रदर्शनाने, तोवर घरातच दाबून ठेवलेला विवाहितांच्या छळाचा विषय चारचौघांत आणला. संपादकाची खुर्ची आणि मोर्चातली जागा यांत विद्याताईंनी अंतर ठेवलं नाही. मासिकाचा आवाज त्यामुळे धारदार झाला.

१९८६ मध्ये त्या ‘स्त्री’तून बाहेर पडल्या आणि १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ काढलं.

त्या काळातलं मराठी मध्यमवर्गीय घर समजून घ्यायचं असेल, तर ‘स्त्री’चे जुने अंक जरूर मिळवावेत. अग्रलेख वाचावेतच, पण लोणच्याच्या पानांवरून घाईने पुढे जाऊ नये. त्याच पानांसाठी तर घरात हे मासिक येत होतं.