रुतलेल्या ट्रकची चाके आणि डिफरन्शियल लॉक

औंढा नागनाथच्या यादवकालीन मंदिराला दोन भाविक जोडीने प्रदक्षिणा घालत आहेत असे समजा. एक भिंतीच्या बाजूने, दुसरा त्याच्यापासून कायम १.८ मीटर बाहेर. फेरी पुरी होईतो बाहेरचा आतल्यापेक्षा सुमारे ११.३ मीटर जास्त चाललेला असतो. मंदिर लहान असो वा मोठे, हा आकडा बदलत नाही. तो ठरतो फक्त दोघांमधल्या अंतरावर. ट्रकच्या मागच्या डाव्या-उजव्या चाकांतही साधारण एवढेच अंतर असते. त्यामुळे फाट्यावर काटकोनात वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा तब्बल २.८ मीटर जादा रस्ता कापावा लागतो. दोन्ही चाके एकाच सलग दांड्यावर पक्की असती, तर प्रत्येक वळणावर टायर रस्त्यावर खरडले असते आणि दांड्याला पीळ पडला असता.

हा पेच सोडवणारे यंत्र म्हणजे डिफरन्शियल. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२० च्या दशकाच्या अखेरीस ते वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी योजले. पेट्रोलवर चालणारी मोटार तेव्हा जन्मालाही आली नव्हती. रचना आजही मूळ तीच आहे. प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचा पिनियन मोठ्या क्राउन व्हीलला फिरवतो. क्राउन व्हीलला बोल्टने जोडलेल्या पेटीत समोरासमोर दोन साइड गिअर असतात, त्या दोहोंतून एकेक ॲक्सल शाफ्ट चाकाकडे जातो. मधल्या क्रॉसवर छोटे स्पायडर गिअर असतात. गाडी सरळ चालली की ते स्वतःभोवती फिरत नाहीत. वळली की फिरू लागतात आणि एका चाकाचा जितका वेग कमी होतो तितकाच दुसऱ्याचा वाढवतात. एक चाक पूर्ण थांबले तर दुसरे दुप्पट वेगाने फिरते.

वेगाची अशी वाटणी करणारे हे यंत्र जोर मात्र दोन्हीकडे सारखाच देते, आणि सगळी अडचण तिथेच आहे. औंढ्याच्या परिसरातली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि साबणासारखी बुळबुळीत होते. दोन ॲक्सलच्या ट्रकचे भारासह वजन २०१८ च्या नियमानुसार १८.५ टनांपर्यंत चालते; त्यातले ११.५ टन मागच्या ॲक्सलवर, म्हणजे प्रत्येक बाजूला पावणेसहा टन. समजा, पाणंदीतून जाताना डावी बाजू चिखलात गेली आणि उजवी घट्ट मुरमावर राहिली. बुळबुळीत चिखलात पकड वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढी धरली, तर डावे चाक जेमतेम ०.६ टन ओढ देईल. मुरमावरचे चाक साडेतीन टनही देऊ शकले असते. पण वाटणी समान असल्याने त्याच्याही वाट्याला ०.६ टनच येते. एकूण ओढ १.२ टनांच्या आत. रुतलेली भरली गाडी हलवायला पावणेदोन-दोन टन तरी लागतात. डावे चाक जागच्या जागी गरगरते, उजवे ढिम्म उभे राहते. ड्रायव्हर रेस देतो तसा खड्डा खोल होत जातो.

अशा वेळी डिफरन्शियलचे काम काही मीटरपुरते थांबवणारी कळ म्हणजे डिफरन्शियल लॉक. दातेरी कडे सरकून एका बाजूचा शाफ्ट पेटीलाच अडकवते. स्पायडर फिरू शकत नाहीत, दोन्ही चाके एकजीव होतात, आणि ज्याला पकड आहे त्याला लागेल तेवढा जोर मिळतो. आपल्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. ट्रॅक्टरवर उजव्या टाचेजवळचे पेडल दाबतात, ते हेच लॉक. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्रा थारमध्येही मागच्या ॲक्सलला लॉक होणारे डिफरन्शियल मिळते. तिथे एक चाक जास्त फिरू लागले की ते आपोआप अडकते.

ट्रकसाठी निवड करताना आपोआप लॉक होणाऱ्या प्रकारापेक्षा ड्रायव्हरच्या हातात स्विच असलेला, हवेवर चालणारा प्रकार घ्यावा असे माझे मत आहे. एअर ब्रेकमुळे दाबाखालची हवा ट्रकमध्ये आधीच असते, आणि लॉक कधी लागले, कधी सुटले हे डॅशबोर्डवरचा दिवा सांगतो. भरलेला ट्रक घाटातल्या वळणावर असताना ॲक्सलने स्वतःच्या मर्जीने लॉक व्हावे, हे मला तरी पटत नाही. दोन मागच्या ॲक्सलच्या टिपरवर आणखी एक वेगळे लॉक असते, ते दोन ॲक्सलना एकमेकांशी बांधते. खरेदीपूर्वी ॲक्सलचे मॉडेल, क्राउन व्हीलचा आकार, गिअर रेशो आणि शाफ्टच्या स्प्लाइनची संख्या जुळवावी लागते. यातला एक आकडा चुकला तरी माल दुकानात परत जातो.

बसवण्याचे काम बोल्ट आवळण्याइतके सोपे नाही. तेल काढायचे, दोन्ही ॲक्सल शाफ्ट ओढून काढायचे, प्रोपेलर शाफ्ट सोडायचा, मग जड गिअरसंच जॅकवर तोलत बाहेर घ्यायचा. बेअरिंगच्या कॅपांवर खुणा करायच्या, कारण डावी कॅप उजवीकडे चालत नाही. क्राउन व्हील नव्या पेटीवर चढवून बोल्ट टॉर्क पान्याने, आलटून पालटून समोरासमोरचे, ठरलेल्या मापाने आवळायचे. यानंतरचे काम सर्वांत नाजूक. क्राउन आणि पिनियनच्या दात्यांत ठेवायची फट, म्हणजे बॅकलॅश, ट्रकमध्ये बहुधा ०.२ ते ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकातून घ्यावा आणि डायल गेजने तपासावा. (औंढ्याजवळच लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. चार किलोमीटरच्या भुजांतला प्रोटॉनहूनही सूक्ष्म फरक ती टिपणार आहे. गॅरेजला तेवढे नको, पण नुसत्या हाताच्या अंदाजावर भागत नाही.) शेवटी दात्यांना रंग लावून फिरवायचे, ठसा दात्याच्या मध्यावर उमटला तर बरोबर, टोकाकडे सरकला तर शिम बदलून पुन्हा. इथे घाई केली की क्राउन-पिनियन आधी ओरडू लागतात, मग तुटतात.

लॉक लावायचे ते गाडी थांबवून किंवा अगदी रांगत्या वेगात, चिखलात शिरण्यापूर्वी. चाक गरगरत असताना लावले तर दाते किंवा शाफ्ट तुटू शकतो, कारण सगळा जोर एकाच शाफ्टवर येतो. लॉक लागलेले असताना वळू नये, गाडी सरळ जायला बघते; घट्ट जमिनीवर आले की लगेच सोडावे.

ज्याचा ट्रक डांबरी रस्त्यावरच राहतो त्याने यावर पैसे घालू नयेत. खाणीतला मुरूम, वाळू किंवा पावसाळ्यात शेतातला माल उचलणाऱ्याने मात्र गाडी घेतानाच कंपनीने बसवलेले लॉक मागावे. मागाहून बसवण्यापेक्षा ते भरवशाचे, आणि वॉरंटीचा वादही उरत नाही.