पुरून उरते ती बरकत

सकाळी दुकान उघडल्यावर पहिल्या गिऱ्हाइकाने दिलेली नोट गल्ल्यात टाकण्याआधी दुकानदार ती कपाळाला लावतो. मराठी दुकानदार म्हणतो, भवानी झाली. हिंदी-उर्दू बोलणारा म्हणतो, बोहनी झाली. दोघेही मनात मागतात ती बरकत. ‘धंद्याला बरकत आली’, ‘त्याच्या हाताला बरकत नाही’, ‘पैसा येतो, पण बरकत राहिली नाही’ ही वाक्ये मराठीत इतकी रुळली आहेत की, हा शब्द अरबीतून आला आहे हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. मुस्लिम घरांत रमजानला बरकतीचा महिना म्हणतात. म्हणून या दिवसांत हा शब्द जरा जास्तच कानावर पडतो.

बरकत म्हणजे चांगले नशीब, असा अर्थ सर्रास घेतला जातो. पण दोन्हींत फरक आहे. ‘नशीब’ हा शब्द अरबी ‘नसीब’वरून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘वाटा’. ‘किस्मत’चा मूळ अर्थ ‘वाटणी’. संस्कृतातून आलेले ‘भाग्य’ही ‘भाग’ या शब्दाशी जोडलेले, म्हणजे पुन्हा वाटाच. अरबी आणि संस्कृत ही दोन वेगळी भाषाकुळे, पण विचार एकच निघाला. माणसाच्या पदरात काय पडले, एवढेच हे शब्द सांगतात. पदरात पडलेले टिकले का, पुरले का, त्यातून चार जणांचे भले झाले का, हे बरकत सांगते.

अरबीत या शब्दाच्या मुळाशी ‘ब-र-क’ ही तीन अक्षरे आहेत. उंट गुडघे टेकून खाली बसतो, त्या क्रियेसाठी याच मुळापासून क्रियापद होते. पाणी साठून राहते त्या तळ्याला ‘बिरका’ म्हणतात. एका जागी स्थिरावणे आणि तिथे वाढत राहणे, असा भाव या कुटुंबातल्या शब्दांत आहे. ‘मुबारक’ही याच घरातला. ‘ईद मुबारक’ म्हणणारा समोरच्याला हा सण बरकतीचा जावो, असेच म्हणत असतो. दर्ग्यात किंवा फातिहानंतर वाटल्या जाणाऱ्या गोड पदार्थाला ‘तबर्रुक’ म्हणतात, तोही याच मुळाचा. शेजारच्या घरी तो पोहोचतो तेव्हा त्याला सरळ ‘प्रसाद’ म्हटले जाते आणि अर्थाला कुठे बाधा येत नाही.

मोजणीतही हा शब्द शिरला. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची रीत होती. उर्दू बोलणाऱ्यांत त्याच जागी ‘बरकत’ म्हणत. जुन्या वळणाच्या उर्दू घरांत डब्यातले पीठ संपले, तर ‘संपले’ हा शब्द टाळतात आणि ‘बरकत आहे’ असे म्हणतात. त्याच भाषेत दुकान बंद करत नाहीत, ‘बढवतात’. दस्तरखान उचलत नाहीत, तोही ‘बढवतात’. मराठी माणसाला यात नवल वाटायला नको. त्याच्याकडेही नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तर ‘वाढली’ म्हणतात. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतात. संपण्याच्या क्षणी वाढीचा शब्द तोंडी यावा, ही दोन्हीकडची शिकवण आहे.

रमजानमध्ये बरकतीचा पहिला उल्लेख होतो तो सहरीला. पहाटेच्या या जेवणात बरकत आहे, असे पैगंबरांनी सांगितल्याचे हदीसमध्ये येते. त्यामुळे भूक नसली तरी दोन खजूर आणि घोटभर पाणी घेऊन उठण्याचा आग्रह घरातली वडीलधारी माणसे धरतात. दोघांचे जेवण तिघांना पुरते, अशा आशयाची आणखी एक हदीस आहे. मराठीत एक तीळ सात जणांत वाटून खाण्याचे जे सांगतात, त्याचाच हा सख्खा भाऊ. ‘पुरून उरणे’ या मराठी शब्दप्रयोगाइतका बरकतीचा नेमका अर्थ दुसऱ्या कशात सापडणार नाही.

व्यापाराबाबत तर अट स्पष्ट आहे. विकणारा आणि घेणारा खरे बोलले, मालातले दोष झाकले नाहीत, तर त्या सौद्यात बरकत येते. लपवाछपवी केली तर ती पुसली जाते, असे हदीस सांगते. म्हणजे दुकानाच्या पाटीवर ‘बरकत’ लिहून भागत नाही, तराजूही तसा हवा.

इथेच या शब्दाचा एक गैरवापरही पाहिला पाहिजे. महिनाअखेर खिसा रिकामा झालेल्या कामगाराला ‘तुझ्या पैशाला बरकत नाही’ असे ऐकवले जाते. अनेकदा उधळपट्टी नसते, पगारच अपुरा असतो किंवा वेळेवर मिळालेला नसतो. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवण मालकासाठी आहे. तिच्याकडे पाठ फिरवून कामगाराला बरकतीचा उपदेश करणे म्हणजे आपली जबाबदारी त्याच्या नशिबावर ढकलणे. दुसऱ्या टोकाला, इफ्तारच्या मोठ्या पंगतीत ताटात टाकलेले अन्न कचऱ्यात जाते. दिवसभर भूक सोसल्यानंतर असे अन्न वाया जावे, याला कोणत्याही भाषेत बरकत म्हणता येणार नाही.

वाढीचे गणित रमजानमध्ये जकात शिकवते. ऐपतदार मुस्लिमाने वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतून अडीच टक्के गरजूंना द्यायचे असतात. वर्षातून कधीही देता येत असले तरी बहुतेक लोक त्यासाठी हाच महिना निवडतात. वहीत शंभराचे साडेसत्त्याण्णव होतात. पण ‘जकात’ या शब्दाच्या मुळात शुद्ध होणे आणि वाढणे हे दोन्ही अर्थ आहेत. दानाने धन घटत नाही, असा विश्वास त्यामागे आहे. हिशेबनीस त्याला हसेल. मात्र ज्या मुलीची फी त्या अडीच रुपयांच्या बेरजेतून भरली गेली, तिच्या घरी विचारले तर वाढ झाली की घट, याचे उत्तर मिळेल.

जकातीनंतर उरतो फितरा. ईदच्या नमाजाआधी कुटुंबातल्या प्रत्येकाच्या नावे ठरल्या मापाचे धान्य किंवा त्याची किंमत गरजू घरी पोहोचवायची. तान्ह्या बाळाच्या नावेही एक माप निघते. बाळाला अजून बोलता येत नाही, कमावता येत नाही, पण त्याच्या नशिबी आलेल्या वाट्यातून दुसऱ्याचा वाटा पहिल्याच ईदला वेगळा काढला जातो. बरकतीची सुरुवात तिथूनच होते.