सीमाभागातील पोरांनी जावे कोठे?

कोल्हापुरातील एका रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि २०१९-२० च्या हंगामात जमशेदपूर एफसी या व्यावसायिक क्लबच्या पहिल्या संघातून मैदानात उतरला. निपाणी तेथून अवघ्या चाळीस किलोमीटरवर. तेव्हा सीमेपलीकडच्या मराठी माणसालाही या यशाचा अभिमान वाटावा, यात नवल ते काय?

परंतु ही मजल कशाच्या बळावर मारली गेली? कोल्हापूरचे फुटबॉलवेड जुने आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम ही संघांची नावेच सांगतात की हा खेळ कुस्तीच्या तांबड्या मातीशेजारी रुजला. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा लोटतात. प्रसंगी हाणामाऱ्याही होतात, हे लपविण्यात अर्थ नाही. मात्र नुसत्या प्रेमातून व्यावसायिक खेळाडू घडत नाही. अनिकेतला घडविण्यात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीचा, म्हणजे राज्य शासनाच्या निवासी प्रशिक्षणाचा, वाटा मोठा आहे.

१९५६ साली म्हैसूर राज्यात गेलेल्या निपाणी-बेळगावच्या पोराने असे दार कोठे ठोठावावे? बंगळूर दूर, पाचशे किलोमीटरवर. महाराष्ट्र शासन ८६५ गावांवर हक्क सांगते. मग तेथील मुलांना प्रबोधिनीच्या निवडचाचणीस आवर्जून बोलवावे, त्यांचा खर्चही उचलावा. कर्नाटकानेही बेळगावात निवासी फुटबॉल प्रशिक्षण द्यावे. चेंडूला भाषा नसते. आणि चोर्ला घाट उतरला की गोवाच! ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक भारताला देणाऱ्या या भूमीतील क्लबांनी आपले पारखी एकदा तो घाट चढवून पाठवावेत.