‘खाट नाही’ हे उत्तर कायद्याला पुरतं का?

आज एकाच प्रश्नावर बोलू या. अपघातातला माणूस सरकारी दवाखान्यात आणला आणि ‘इथे सोय नाही, अकोल्याला न्या’ असं सांगितलं, तर कायद्याच्या नजरेत विषय तिथेच संपतो का?

नाही संपत. पश्चिम बंगालमध्ये जुलै १९९२ मध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठवलं. शेवटी खासगी दवाखान्यात पैसे भरून उपचार घ्यावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितलं, की सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार नाकारणं म्हणजे कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग. राज्याने २५,००० रुपये भरपाई द्यावी, आणि पैसा नाही ही सबब सांगू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णाला आधी स्थिर करण्याची सोय हवी, कुठल्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे कळण्याची यंत्रणा हवी, रुग्णवाहिका हवी, हेही त्याच निकालात आहे. म्हणजे रुग्णाला पुढे पाठवणं गुन्हा नाही; प्रथमोपचार न करता, चौकशी न करता वाऱ्यावर सोडणं हा हक्कभंग आहे.

आता ही गोष्ट फक्त दवाखान्याच्या दारापुरती आहे का? भारताने १९७९ साली आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. त्यातलं कलम १२ आरोग्याचं. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००० साली त्याचा अर्थ लावताना चार कसोट्या दिल्या: सेवा आहे का, पोहोचता येते का, माणसाचा मान राखते का, आणि दर्जेदार आहे का. पिण्याचं सुरक्षित पाणीही तिने आरोग्याच्या हक्कातच धरलं.

या कसोट्या आपल्या खारपाणपट्ट्याला लावून बघा. संग्रामपूर, जळगाव जामोद भागात खारं पाणी आणि किडनीचे रुग्ण हे दुखणं जुनं आहे. डायलिसिस फुकट आहे, पण आठवड्यातून दोन-तीनदा त्यासाठी लांब जायचं, रोजी बुडवायची, सोबत घरचा एक माणूस न्यायचा. मग ती सेवा ‘पोहोचता येते’ असं म्हणायचं का? आणि गावाला गोडं पाणी देणं हा पाणीपुरवठ्याचाच नाही, आरोग्याच्या हक्काचाही प्रश्न झाला की नाही?

मग दाद कुठे मागायची? पुष्कळांना वाटतं, ग्राहक मंचात. पण जिथे सगळ्यांनाच मोफत सेवा मिळते, ते रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही, हे १९९५ मध्येच ठरलंय. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झालेत. तेव्हा मार्ग दोन. राज्य मानवी हक्क आयोग: घटनेपासून एका वर्षाच्या आत तक्रार करायची, मात्र आयोग शिफारस करतो, हुकूम देत नाही. दुसरा, उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

दोन्हीकडे पुरावा लागतो. म्हणून केसपेपर, पुढे पाठवल्याची चिठ्ठी, तारीख, वेळ जपून ठेवा. तोंडी नकार दिला तर तो लेखी मागा. गरीब माणूस तिथे हात जोडून उभा राहतो. पण कायद्याने तो हक्कदार आहे.

आता प्रश्न घेऊ या.