भाता कुणी मारला?

सायकल हे गरिबाचे वाहन. पण याच सायकलीवर माणसाने डोंगर पालथे घातले आहेत. फ्रान्समध्ये १९०३ सालापासून 'तूर द फ्रान्स' नावाची देशाला वळसा घालणारी शर्यत होते. १९१० साली ती प्रथमच पिरेनीज पर्वताच्या उंच घाटांतून नेली गेली, तेव्हा स्पर्धकांनी संयोजकांना खुनी म्हटले होते. रस्ते दगडमातीचे आणि सायकलींना आजच्यासारखे गिअर नाहीत. गिअर बदलण्याच्या यंत्राला या शर्यतीत परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली.

वाचकहो, याच घाटातली १९१३ सालची हकिकत सांगण्यासारखी आहे. युजेन ख्रिस्तोफ हा मूळचा कुलपे बनवणारा कारागीर. बायोन ते लुशाँ हा ३२६ किलोमीटरचा टप्पा, म्हणजे एका दिवसात चार मोठे घाट. त्यांपैकी तूरमाले घाट २,११५ मीटर उंच. त्या दिवशी आघाडीचा खेळाडू मागे पडला आणि एकूण शर्यत ख्रिस्तोफच्या हाती आल्यासारखी झाली. तूरमाले उतरताना मात्र त्याच्या सायकलचा पुढचा चिमटाच मोडला.

नियम असा होता की दुरुस्ती ज्याची त्याने करायची, कोणाची मदत घ्यायची नाही. मग त्याने सायकल खांद्यावर घेतली आणि दहा किलोमीटरांहून अधिक वाट पायी तुडवली. मागचे एकेक स्पर्धक त्याला ओलांडून गेले. खाली सँत-मारी-द-कांपाँ गावात लोहाराची भट्टी सापडली. लोहार समोर उभा, पण त्याने हात लावायचा नाही! शर्यतीचे अधिकारी पहाऱ्याला हजर होते. ख्रिस्तोफने स्वतः लोखंड तापवले, ऐरणीवर ठोकले, सांधले. या कामात काही तास गेले. पण एका हातात तापते लोखंड नि दुसऱ्यात हातोडा, तर भाता कोण मारणार? तो एका पोराने मारला. एवढ्यावरून त्याला दहा मिनिटांचा दंड झाला. पुढे तो तीन मिनिटांवर आणला म्हणे!

आम्ही कारकून माणसे नियमावरच पोट भरतो. नियम नसेल तर पैसेवाल्याच्या मागे मेकॅनिकांची फौज धावेल, हे मला मान्य आहे. पण तीन-चार तास बुडालेल्या माणसाकडून ही तीन मिनिटे वसूल करणारा साहेब कसा असेल, हे कचेरीत बसणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

चिमटा सांधून तो उरलेले दोन घाट चढला नि लुशाँला पोहोचला. शर्यत सोडली नाही. पॅरिसला त्याचा सातवा क्रमांक आला. जिंकला फिलिप तीस.

मध्ये महायुद्ध झाले. १९१९ साली शर्यत पुन्हा सुरू झाली, तेव्हा आघाडीवर असणाऱ्याने घालायचा पिवळा सदरा सर्वप्रथम ख्रिस्तोफच्या अंगावर चढला. शेवटून दुसऱ्या टप्प्यावर, ४६८ किलोमीटरच्या वाटेत, चिमटा पुन्हा मोडला! तो तिसऱ्या क्रमांकावर घसरला. या वेळी लोकांनीच वर्गणी काढली, आणि ती रक्कम विजेत्याच्या बक्षिसापेक्षा मोठी भरली.

१९२२ साली आल्प्सच्या गालिबिए घाटात चिमटा तिसऱ्यांदा मोडला. तेव्हा ख्रिस्तोफ ३७ वर्षांचा होता. तूर त्याने कधीच जिंकली नाही. सँत-मारीच्या त्या भट्टीच्या जागी १९५१ साली पाटी लागली, ती मात्र त्याच्याच नावाची.