मूल बोलत नाही? वाट किती पाहावी?



लागणीनंतर उसात नांग्या पडल्या की त्या आपण महिन्याभरात भरतो. बांधणीच्या वेळी भरलेली कांडी मोठ्या उसाच्या सावलीत खुरटते, हे आपणांस सांगायला नको. मुलाच्या बोलण्याचेही तसेच आहे. पहिल्या तीन-चार वर्षांत भाषा झपाट्याने येते. परंतु "याचा बापही उशिरा बोलला, बोलेल की!" असे म्हणत हीच वर्षे घालवणारी घरे आम्ही पाहतो.

ठोकताळा असा धरावा. एक वर्षाचे मूल नावाने हाक मारताच वळून पाहते. दीड वर्षाला काही सुटे शब्द येतात. दोन वर्षांचे 'आई दे', 'भूभू आला' असे दोन शब्द जोडते. तिसऱ्या वर्षी त्याचे बहुतेक बोलणे घरच्यांना कळते, चौथ्या वर्षी परक्यालाही. यात मूल मागे असेल, किंवा आलेले बोलणे गेले असेल, तर थांबू नये. लहानपणी अडखळणे पुष्कळदा आपोआप जाते. पण सहा महिने टिकले, किंवा मूल बोलायलाच बिचकू लागले, तर दाखवावे.

आधी कान तपासा. मूल ऐकते तेच बोलते. ताट वाजवल्यावर वळते म्हणून कान चांगले, असे समजू नये; मोठा आवाज ऐकू येऊनही बोलणे नीट ऐकू न येणारी मुले असतात. तान्ह्या मुलाचेही कान यंत्राने तपासता येतात. जिभेला वेखंड लावून बहिरेपण जात नाही.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची तपासणी मोफत होते. पथकाची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारले तरी पुढची चिठ्ठी मिळते. काही निघाले नाही तर उत्तमच. एक हेलपाटा गेला म्हणायचे.

वाचा-उपचार म्हणजे सुई नव्हे की कडू औषध नव्हे. खेळ, चित्रे, गाणी यांतून तज्ज्ञ बोलते करतात आणि आईबापांनाही शिकवतात. खरा अभ्यास घरीच होतो. वैरण घालताना, जेवताना मुलाशी बोला, त्याला उत्तर द्यायला वेळ द्या. मोबाईल देऊन गप्प बसवू नका.

शेवटी एक विनंती. आपल्या फडावरच्या टोळीतील मुले हंगामभर गावापासून दूर असतात, त्यांची तपासणी हुकते. असे मूल दिसल्यास आशाताईंच्या कानावर घाला. तेही आपलेच लेकरू आहे.